तांडेल व्हायला किती वर्षं लागतात?

हर्णैचा_धाकटा | १४ ऑक्टोबर, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

वय ३६, गाव हर्णै. बारा वर्षं पुण्यात आयटीत काढली, त्यातली शेवटची चार टीम लीड म्हणून. हाताखाली नऊ जण होते आणि मी माणसं बरी सांभाळतो असा माझा समज होता. मागच्या वर्षी मार्चमध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. बोट आमचीच, तांडेलही (म्हणजे बोटीचा म्होरक्या) बाबाच. मोठा भाऊ मस्कतला. बोट विकायची की कोणी घरी यायचं, एवढाच प्रश्न होता. मी आलो. गेला हंगाम बदली तांडेलाच्या हाताखाली काढला आणि यंदा नारळी पौर्णिमेनंतर स्वतः बोट बाहेर काढली.

सहा खलाशी आहेत. दोघं आमच्याच पाखाडीतले (वाडीतले), एक गुहागरकडचा, तीन नेपाळी पोरं. पाखाडीतल्यांपैकी एक आबा, वय ५८. बाबांबरोबर पंचवीस वर्षं दर्यात.

पहिल्या फेरीआधी मी सगळ्यांना ओटीवर बसवलं आणि म्हटलं, "कोणाला काय अडचण असेल ती मोकळेपणाने सांगा." कंपनीत शिकलेलं. पाच मिनिटं कोणी तोंड उघडलं नाही. मग गुहागरवाला म्हणाला, "तांडेल, बर्फ वितळतोय."

इथवर हसण्यावारी. दहा दिवसांपूर्वी पहाटे जाळं बोटीच्या तळाच्या पंख्यात गेलं. इंजिन वेळेत न्यूट्रलला आणलं नाही, चूक शंभर टक्के माझी. पण मी ओरडलो त्यातल्या सगळ्यात लहान नेपाळी पोरावर. सगळ्यांदेखत, आईवरून. त्या पोराचं वय एकोणीस. आबा काही न बोलता कमरेला दोरी बांधून, कोयता घेऊन पाण्यात उतरला. जाळं कापून काढायला पाऊण तास गेला. बंदरात येईपर्यंत बोटीवर एक शब्द नाही. बाबा असतानाही बोट शांतच असायची, पण ती शांतता वेगळी होती.

बारा वर्षांत ऑफिसात मी कोणावर आवाज चढवला नव्हता. मग हा माणूस आतून कुठून आला?

प्रश्न असा: माणसाने आधी स्वतःला घडवावं आणि मग चार जणांना वाट दाखवायला निघावं, की चार जणांना घेऊन निघाल्यावरच माणूस घडतो? आणि तोवर त्या चार जणांनी काय करायचं?

टोळभैरव | १४ ऑक्टोबर, रात्री ११:३०

तोवर त्यांनी बर्फ सांभाळायचा.

घाटावरचा | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

धागा प्रामाणिक आहे, आवडला. पण स्पष्ट बोलतो, हे 'स्वतःला घडवणं' वगैरे रविवारच्या पुरवणीतलं खूळ आहे. तुम्हाला बोट येत नाही, बाकी काही नाही. बोट आली की माणसं आपोआप ऐकतात. ई. श्रीधरन बघा. १९६४ च्या वादळात पांबनचा पूल वाहून गेला, त्यांनी तो ४६ दिवसांत उभा केला. त्यांच्या मागे लोक गेले ते काम करून दाखवलं म्हणून. सकाळी ध्यान करतात की नाही हे कोणी विचारलं नसेल.

सुरंगी | १५ ऑक्टोबर, दुपारी ३:२२

धाकटे दादा, तुमच्या शेवटच्या ओळीवर बोलते, कारण ती 'तोवरची' माणसं म्हणजे माझा बचत गट.

आम्ही कुडाळजवळ अकरा जणी. मे महिन्यात कोकमं. फळ फोडायचं, गर-बिया काढायच्या, साली त्याच रसात बुडवून उन्हात घालायच्या, परत बुडवायच्या, परत वाळवायच्या. पाच-सहा पुटं बसली की रंग धरतो. हे सगळं पावसाच्या आत. आगळ वेगळं, सरबत वेगळं. अध्यक्ष मी, कारण बोलायला पुढे. अधिकारी आले की मीच, बँकेत मीच, प्रदर्शनात स्टॉलवर मीच.

आणि मला हिशेब येत नव्हता. सातवीत शाळा सुटली होती. वही मी माझ्याकडे ठेवायची आणि कोणी मागितली की चिडायची. 'माझ्यावर विश्वास नाही का' हे माझं पेटंट वाक्य. दोन वर्षं असं चाललं. तिसऱ्या वर्षी मी काविळीने महिनाभर आडवी झाले, वही दुसरीकडे गेली आणि सगळं उघडं पडलं. पैसे मी खाल्ले नव्हते हो. पण आगळाच्या बाटल्या किती गेल्या, किती उधारीत आहेत, काहीच नीट लिहिलेलं नव्हतं. चार जणी गट सोडून गेल्या. त्यांचं बरोबरच होतं.

मग गटातल्याच एकीची सून, बारावी झालेली, तिला मी म्हटलं मला शिकव. चौथीच्या पोरासारखी रोज संध्याकाळी वही घेऊन तिच्या पडवीत बसायची. पहिल्या दिवशी वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण त्यानंतर एक झालं. बाकीच्या जणीही आपल्याला न येणाऱ्या गोष्टी बोलायला लागल्या. एक म्हणाली मला वजनकाटा वाचता येत नाही, मी अंदाजाने सांगते. इतकी वर्षं अंदाजाने!

घाटावरच्या भाऊंना: कोकम करायला मला सगळ्यांपेक्षा चांगलं यायचं. तरी गट मोडलाच.

मुंबईकर_चाकरमानी | १५ ऑक्टोबर, सायंकाळी ६:४०

सुरंगीताई __/\__

धाकट्या, ऑफिसात आवाज चढवला नाहीस कारण तिथे आवाज न चढवायचा पगार मिळतो. मीही टीम लीड आहे. आमच्याकडे कोणी बुडत नाही, फक्त तारीख पुढे जाते. गणपतीला गावी गेलो की आरतीची वेळ ठरवताना माझं काका लोकांशी जे होतं, ते खरं नेतृत्वकौशल्य. दरवर्षी नापास.

गजालवाडी | १५ ऑक्टोबर, रात्री ९:१५

माका एक गोष्ट समजना नाय. तुमी सगळे म्हणतास माणूस चांगलो झालो की म्होरक्यो चांगलो होता. माझो आजो रापणीचो म्होरक्यो (रापण म्हणजे वाळूतसून दोरयेन ओढूचा मोठा जाळा). मालवणच्या बाजूक. सांजचो पिऊन येय, आजयेक मारी, पैशाचो हिशोब कोणाक देय नाय. पण सकाळी वाळूत उभो रवलो आणि पाण्याकडे बघून हात वर केलो की चाळीस माणसां दोरयेक हात घालीत. मासो खय आसा ता तेका पाण्याच्या रंगावरसून दिसा. घरात रावण, वाळूत देव. आता सांगा, तेची खयची उन्नती झाल्ली?

घाटावरचा | १५ ऑक्टोबर, रात्री ९:२१

गजालवाडींना +१. मी हेच म्हणतोय, फक्त इतकं गोड मला बोलता येत नाही.

वाडीतली_वैनी | १५ ऑक्टोबर, रात्री १०:०२

गजालवाडी भाऊ, आजोबांचं ती चाळीस माणसं ऐकायची, की त्यांना घाबरायची? आणि आजीला विचारलं होतं का कोणी, देव कसा होता ते?

गजालवाडी | १५ ऑक्टोबर, रात्री १०:०९

वैनी, आजी गेली. आत्येक विचारतंय.

बापट_मास्तर_नव्हे | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

(नावावरून गैरसमज नको. मास्तर आहे, बापट नाही.)

हर्णैपासून मुरूड अगदी जवळ, म्हणून आठवण करून देतो. धोंडो केशव कर्वे. आपल्याकडे त्यांचा पुतळा करून ठेवलाय आणि पुतळा कधी चुकत नाही. माणूस मात्र बदलत गेला. कोवळ्या वयात सहावीच्या परीक्षेसाठी मुरूडहून कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला चालत गेले, आणि वयाने लहान दिसतोस म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. तसेच चालत परत. हा भाग सगळ्यांना पाठ असतो.

मला जास्त आवडतो तो पुढचा. १८९३ साली त्यांनी स्वतः विधवेशी, गोदूबाईंशी, लग्न केलं. मुरूडने वाळीत टाकलं. ज्या गावासाठी आधी 'मुरूड फंड' उभा केला, त्याच गावाने. त्याच वर्षी त्यांनी 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी' काढली होती. दोन वर्षांनी तिचं नाव बदलून 'विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी' केलं. नावातला फरक बघा. आधी 'तुम्ही हे करा' असं उत्तेजन होतं, नंतर 'ज्यांना करायचंय त्यांची अडवणूक थांबवू' एवढंच. लोकांना ढकलण्यापेक्षा वाटेतला धोंडा काढायचा. आणि मग १८९६ पासून लग्नाहून शिक्षणावर भर, त्यातून हिंगण्याचा आश्रम, १९१६ ला महिला विद्यापीठ. वाळीत पडलेल्या माणसाला सोपा रस्ता होता तो म्हणजे कडवट होण्याचा. ते नेमके उलटे गेले.

मी स्वतः २२ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, त्यातली सात मुख्याध्यापक. माझी पहिली तीन वर्षं 'उत्तेजक' होती. शिक्षकांनी हे करावं, ते करावं, भिंतीवर तक्ते. चौथ्या वर्षी एका बाईंनी सांगितलं, "सर, तुमचे तक्ते भरायला माझा रोज एक तास जातो, तेवढा मला द्या, मी वाचन घेते." तक्ते काढले. लगेच काढले नाहीत, खरं सांगायचं तर. आठवडाभर त्या बाईंशी मी नीट बोललोही नाही.

वाडीतली_वैनी | १६ ऑक्टोबर, सकाळी ९:४८

मास्तर, पटलं. पण अण्णांच्या (कर्व्यांच्या) गोष्टीत गोदूबाई नुसत्या 'लग्न केलं' एवढ्यापुरत्या येतात, ते नको. त्या शारदा सदनात पंडिता रमाबाईंकडे शिकलेल्या. अण्णा समाज बदलायला बाहेर पडले तेव्हा घर बाया कर्व्यांनी, म्हणजे याच गोदूबाईंनी, ओढलं. माणसाची वाढ मोजायची तर त्याच्या घरच्यांकडून एक दाखला घ्यावा.

टोळभैरव | १६ ऑक्टोबर, सकाळी ९:५५

घरच्यांचा दाखला सक्तीचा केला तर ग्रामपंचायतीच्या निवडणुका बिनविरोध होतील. उमेदवारच नाहीत.

दर्यावर्दी_७ | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

धागा चांगला आहे पण मूळ मुद्दा कोणी बोलत नाही. मासळी राहिली कुठे? पर्ससीनवाले (मोठ्या जाळ्याचा वेढा घालणारे) आणि एलईडीवाले (रात्री झगझगीत दिव्यांनी मासे ओढणारे) सगळं उपसून नेतात. एलईडीवर २०१७ पासून बंदी आहे म्हणे, रात्री दर्यात बघा, दिवाळी असते. तांडेल कितीही संत असला तरी जाळ्यात काही नसेल तर खलाशी कशाला थांबतील?

हर्णैकर_मूळचा | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:३४

पर्ससीनवाल्यांना एकट्यांना दोष देऊ नका. ट्रॉलरवाले बारीक आसाचं जाळं वापरून पिल्लं मारतात त्याचं काय?

दर्यावर्दी_७ | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:३९

तुमची बोट कसली आहे ते आधी सांगा.

संपादक | १६ ऑक्टोबर, दुपारी १:०५

यावर आधीच दोन धागे आहेत, दोन्ही कुलूपबंद करावे लागले. इथे मूळ विषयावर बोलूया. अकरा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

कोकमसरबत | १६ ऑक्टोबर, दुपारी १:४०

अवांतर: बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून घालायची की अख्खी? सासूबाईंशी वाद चालू आहे, इथे दर्यावरची मंडळी जमलीत म्हणून विचारते.

गजालवाडी | १६ ऑक्टोबर, दुपारी १:४४

जराशी चेचून. बी काढून. सासू काय म्हणता ताच बरोबर म्हणून सांग.

रूळ_आणि_रुळलेला | १७ ऑक्टोबर, रात्री ८:२०

श्रीधरन यांचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी कोकण रेल्वेच्या बांधकामाच्या काळात एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो, वय २६. साहेबांना मी दोनदा पाहिलं, तेही लांबून, त्यामुळे ओळखीच्या बढाया मारत नाही. पण त्यांची छाया सगळीकडे होती. काम संपायला किती दिवस उरले ते दाखवणारी उलटी घड्याळं लावलेली असत. रोह्यापासून मंगळूरपर्यंत साडेसातशे किलोमीटरची लाईन, नव्वदीच्या घरात बोगदे, त्यातला रत्नागिरीजवळचा करबुड्याचा एकटा साडेसहा किलोमीटर. १९९० ला सुरुवात, १९९८ च्या जानेवारीत पूर्ण लाईन चालू. हे गृहस्थ १९९० मध्ये रेल्वेतून निवृत्त होऊन या कामावर आले होते, हे विसरू नका. म्हणजे घाटावरचे म्हणतात ते कौशल्य होतं, पण ३६ वर्षांची नोकरी पाठीशी घेऊन आलेलं होतं. पांबनच्या वेळचे तिशीतले श्रीधरन आणि हे, यांत फरक असणारच.

आता माझं. उलट बाजूने सांगतो, म्हणजे धाग्याला तोल येईल. मी आधी धाकट्यासारखाच ओरडा होतो. एका मुकादमाला असंच वाटेल ते बोललो आणि नंतर लाज वाटली. तेव्हा कोणीतरी हातात एक पुस्तक दिलं, सगळ्यांचं ऐका, सगळ्यांना सामील करून घ्या वगैरे. मी पार बदललो. इतका की बोगद्याच्या तोंडाशी उभा राहून प्रत्येकाचं मत घ्यायला लागलो. एक दिवस मऊ मातीतला भाग चालू होता, छतातून झिरपणारं पाणी गढूळ यायला लागलं. मी मुकादमाला विचारतोय, "तुम्हाला काय वाटतं?" दुसऱ्याला विचारतोय, "तुम्हाला?" तोच मुकादम माझ्या दंडाला धरून म्हणाला, "साहेब, आता विचारू नका, बाहेर काढा." काढले सगळ्यांना. तासाभराने तेवढा भाग खाली आला. कोणाला खरचटलं नाही.

तेव्हा कळलं की मी शहाणा झालो नव्हतो, नुसता भित्रा झालो होतो. आधी चूक दुसऱ्यावर टाकायचो, नंतर निर्णय दुसऱ्यावर टाकायला लागलो. मुळात दोन्ही एकच.

घाटावरचा | १७ ऑक्टोबर, रात्री ८:५१

हा प्रतिसाद आवडला. माझं मत थोडं हललंय, पण जास्त आनंद नको.

वेळासची_वाळू | १७ ऑक्टोबर, रात्री ११:३७

आमच्या किनाऱ्यावर २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने कासवांचं काम सुरू केलं. त्याआधी आम्ही अंडी काढायचो. मीही. लहानपणी बापाबरोबर रात्री वाळूत काठी खुपसत जायचो, काठी भसकन आत गेली की खाली घरटं. शंभर-सव्वाशे अंडी एका घरट्यात. खाल्लीत, विकलीतही. नंतर तेच डोळे घरटी शोधून राखायला वापरले.

गावात समजवायला जायचो तेव्हा बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसाचं लोक चहा देऊन ऐकायचे. मी बोललो की शिव्या देऊन ऐकायचे, पण ऐकायचे. कारण मी अंडी खाल्ली नाहीत असं कधी म्हटलं नाही. एवढंच.

सुरंगी | १८ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

'शिव्या देऊन ऐकायचे, पण ऐकायचे'... वाळूदादा, हे वहीत लिहून ठेवते. आता वही मला लिहिता येते :)

बापट_मास्तर_नव्हे | १८ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

वाळू यांच्या प्रतिसादावरून अप्पासाहेब पटवर्धन आठवले, कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणत. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैला साफ करायचं काम मला द्या अशी मागणी केली. ब्राह्मण कैद्याला ते काम देत नव्हते. त्यांनी उपोषण धरलं, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्न सोडलं. पुढे आयुष्यभर संडास, सोनखत, गोबरगॅस. गावाला स्वच्छता सांगण्याआधी हातात बादली घेतलेला माणूस.

पण एक शंकाही आहे, ती माझीच. बादली उचलली की लोक पाया पडतात, आणि पाया पडलं की स्वतः बादली उचलावी लागत नाही. मागे येणारे किती निघाले? आपण अशा माणसांना 'आपल्याला जमणारं नाही बुवा' म्हणून फार लवकर वर बसवून टाकतो.

गजालवाडी | १९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

आत्येक फोन केलो. वैनी, तुमचा म्हणणा खरा निघाला आणि माका रात्री झोप लागली नाय.

आत्ये म्हणाली, रापणीत एक म्हातारो होतो, तेणां एकदा आज्याक सांगल्यान की पाणी ओढता हा, आज जाळा नको. आज्यान सगळ्यांसमोर तेच्या थोबाडीत मारल्यान. तेच्यानंतर कोणच काय बोललो नाय. दोन वरसांनी जाळा खडपार गेला आणि अर्धा फाटला. त्या दिसाक पाणी खय ओढता ता चाळीस जणांका म्हायत होता. चाळीस! एक बोललो नाय. दोरी ओढीत रवले.

मी ल्हानपणापासून ह्या 'आजो इतको जबरदस्त होतो' म्हणून सांगत इलंय. जाळा फाटल्याचा कोणी सांगूकच नाय माका.

वाडीतली_वैनी | १९ ऑक्टोबर, रात्री १०:११

गजालवाडी भाऊ, मला बरोबर ठरायचं नव्हतं हो. आजोबांना पाण्याचा रंग कळायचा हेही खरंच असणार.

मुंबईकर_चाकरमानी | १९ ऑक्टोबर, रात्री १०:२०

धागाकर्ते कुठे आहेत? दर्यात?

टोळभैरव | १९ ऑक्टोबर, रात्री १०:२२

पंख्यात.

हर्णैचा_धाकटा | ११ नोव्हेंबर, रात्री १०:४५

मंडळी, माफ करा. मध्ये दोन फेऱ्या झाल्या, एकदा बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला म्हणून बोट आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन ठेवली. सगळे प्रतिसाद वाचत होतो, पण बोटाने टाइप करायला नीट वेळ हवा होता. टोळभैरव, तुम्हाला एक सुरमई देणे लागतो, कुठे मारायची ते भेटल्यावर ठरवू.

काय काय झालं ते क्रमाने सांगतो. सगळं चांगलंच झालं नाही.

सुरंगीताईंचा प्रतिसाद वाचून मी त्या पोराची माफी मागितली. बोटीवरच, सगळ्यांसमोर, कारण शिवी सगळ्यांसमोर दिली होती. तो नुसता हसला आणि जाळं विणत राहिला. नाट्यमय काही नाही. मग मी म्हटलं, मला अजून रात्रीचं पाणी कळत नाही, जीपीएसचा ठिपका कळतो. अंधार पडल्यावर सुकाणू आबा धरेल आणि मी शेजारी बसून शिकेन. पण परत फिरायचं की नाही हे मीच ठरवणार आणि चुकलं तर माझ्या नावावर. (रूळकाका, हे वाक्य तुमच्यामुळे. नाहीतर मीही सगळ्यांची मतं घेत बसलो असतो.)

परिणाम एक: गुहागरवाला गेला. दिवाळीआधी हिशेब करून दुसऱ्या बोटीवर. जाताना बंदरावर सांगून गेला की तिथे तांडेललाच काही येत नाही. डिझेल, बर्फ, शिधा वजा जाऊन जे उरतं त्यात त्याचा वाटा, त्यामुळे त्याला घाई असणं मी समजू शकतो. पण लिलावाच्या वेळी चार जण माझ्याकडे बघून हसले ते लागलंच. खोटं कशाला बोलू.

परिणाम दोन: बोटीत पाणी उपसायचा पंप आहे. माफी मागितल्याच्या तिसऱ्या रात्री तो धाकटा पोरगा आला आणि त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "तांडेल, पंप आवाज करतो. तीन आठवडे झाले." मी इंजिनाशेजारी बसतो, मला तो आवाज वेगळा कधी ऐकूच आला नव्हता. उघडला तर बेअरिंग गेलेलं. आणखी दोन-तीन फेऱ्यांत बंद पडला असता, आणि कुठे पडला असता ते सांगता येत नाही. तीन आठवडे म्हणजे मी ओरडलो त्याच्याही आधीपासून. त्याला आधीच सांगायचं होतं म्हणे. मग मी ओरडलो.

आबालाही आवाज माहीत होता. मी विचारलं, तू का नाही बोललास? म्हणाला, "तुझ्या बापाला मी सांगायचो. तुला सांगितलेलं चालेल की नाही ते कळत नव्हतं."

आज दुपारी बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांची जीभ अजून जड आहे, सावकाश बोलतात. मी म्हटलं, तुम्ही बोटीवर इतके शांत कसे राहायचात? मला वाटायचं तो दरारा. बाबा हसले, एका बाजूने. म्हणाले, "कितीदा कळायचंच नाही काय करायचं ते. म्हणून गप्प. कोणी काय बोलतंय का ते बघायचो."

तीस वर्षं मी त्या गप्प बसण्याला घाबरलो.

घाटावरचे, तुमचंही बरोबर आहे. मला अजून बोट येत नाही. कालच्या फेरीत बांगडा बरा होता, पण तो आबाने धरलेल्या सुकाणूला.

घाटावरचा | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

मी पहिल्या प्रतिसादात 'बाकी काही नाही' असं लिहिलं होतं. तेवढे तीन शब्द मागे घेतो. उरलेल्यावर ठाम आहे.

रूळ_आणि_रुळलेला | १२ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

गुहागरवाला परत आला तर घ्याल का?

हर्णैचा_धाकटा | १२ नोव्हेंबर, दुपारी २:३०

काका, प्रामाणिक उत्तर: आज नाही. जाळ्याला त्याचा हात फार चांगला होता, तरी नाही. मार्चमध्ये विचारा.

दर्यावर्दी_७ | १२ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

बेअरिंग बदलून भागणार नाही. सील पण बघून घ्या, खारं पाणी आत गेलं असेल तर महिनाभरात परत आवाज. आणि पंप एकच ठेवू नका, हाताचा एक जुना असेल तर चालू करून ठेवा.

हर्णैचा_धाकटा | १२ नोव्हेंबर, दुपारी ३:२२

सील बघितलं नव्हतं. उद्या उघडतो. धन्यवाद दादा.

कोकमसरबत | १२ नोव्हेंबर, रात्री ९:००

तिरफळं चेचून घातली, बी काढून. सासूबाई म्हणाल्या, त्या आधीपासून हेच सांगत होत्या. मी ऐकलं नव्हतं म्हणे.